डोंगराची राहिलेली ओटी

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही, तेव्हा तर नाहीच नाही. कुकरची शिट्टी व्हायची वाट बघायची म्हटलं तरी मी मधल्या मध्ये दोनदा अंगणात जाऊन येते. "हिच्या पायाले भिंगरी लागली आहे," असं आई आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना तोंड असं करायची, जसं काही पोरीला जुनाट दुखणंच आहे. अशा माणसाला हातभर तंबूत कोंडावं आणि बाहेर दिवसचे दिवस बर्फ पडू द्यावा! देवाला दुसरं कोणी सापडलं नसेल का?

पण गोष्ट तंबूपासून सुरू होत नाही, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरापासून होते. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी बी.एस्सी. होऊन घरी होते. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला, रोज बसनं जायचे-यायचे. आई भिवापूरकडची, मिरचीच्या वावरात वाढलेली, आणि ते तिखट तिच्या बोलण्यातही उतरलेलं. अशा घरातल्या पोरीला वेड लागलं ते डोंगर चढायचं. नागपुरात! जिथं सेमिनरी हिल्सवर सायकल न उतरता चढवली की लोक मर्दुमकी समजतात.

हे वेड लावलं आमच्या बाईंनी. शाळेत त्या आम्हाला खेळ शिकवायच्या. सुट्ट्यांमध्ये हिमालयात जाऊन गिर्यारोहण रीतसर शिकून आल्या होत्या, आणि आल्यापासून दर रविवारी शाळेतल्या जुन्या पोरींना गोळा करून रामटेकला न्यायच्या. पाठीवरच्या पिशवीत विटा भरायच्या आणि गडाच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. एकदा एका म्हाताऱ्यानं मला थांबवून पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "काहून वं पोरी, देवळाचं काम निघालं का?" मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर तो तिथंच कपाळाला हात लावून बसला असता.

मग बाईंनी जाहीर केलं, की आपण पोरी-पोरी मिळून उन्हाळ्यात हिमालयातलं एक शिखर चढायचं. कुल्लूच्या पलीकडचं. त्याचं नाव मी सांगत नाही. एक तर ते कुणाला माहीत नाही, आणि दुसरं म्हणजे माझा राग अजून गेलेला नाही.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात माझं लग्न ठरलं. अमरावतीचं स्थळ. मुलगा वाईट नव्हता, उलट चांगलाच होता, कमी बोलणारा. पण त्याची आई! साखरपुड्याला कुणीतरी कौतुकानं माझ्या रामटेकच्या विटा काढल्या, तर ती माझ्या हनुवटीला हात लावून गोड आवाजात म्हणाली, "झाले तेवढे पोरखेळ पुरे झाले हो बाळा आता." गोड आवाजात सांगितलेल्या गोष्टीला उत्तर देता येत नाही. रात्रीच्या जेवणात बाबांनी माझ्याकडे न बघता निकाल दिला. लग्न दिवाळीनंतर. त्याआधी या उन्हाळ्यात एकदा जाऊन ये, मी आडवा येणार नाही. पण एकदाच. "मंग तुह्ये पहाड तुह्या सासूले विचार." सासूचं उत्तर काय असणार ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी कबूल केलं. करते काय! एक तर एक. मला जन्मभर डोंगर नको होते, मला एकाच्या माथ्यावर एकदा उभं राहायचं होतं. मग करा माझं जे करायचं ते.

त्या एप्रिलमध्ये मी सीताबर्डीवर लोकरीचे मोजे मागत फिरले. बाहेर डांबर वितळतंय, दुकानदार पंख्याखाली बनियनवर बसलेला. तो म्हणाला, "ताई, तब्येत बरी आहे नं?" दुसऱ्यानं माळ्यावरून पेटी काढायला पोरगा चढवला, आणि खाली आलेल्या धुळीनं आम्ही सगळेच शिंकत सुटलो. घरी आईनं तिच्या परीनं तयारी चालवली होती. भिवापुरी तिखटाची बरणी. मेतकूट. गाडीत ऊन लागू नये म्हणून कांदे. आणि निघायच्या दिवशी, सगळ्यात शेवटी, एक खण.

खणात तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या, दोन हिरव्या बांगड्या आणि शेंडीचा नारळ. "पहाड म्हणजे देवीच असते," आई म्हणाली. "तिच्या डोक्यावर पाय देऊन उभी राहणार तू. मंग तिची ओटी नाही भराची का?"

"आई, तिथं तोळा तोळा वजन मोजून नेतात वं."

"तं तुहे ते मोजे काढ. नारळ नाही निघत."

आणि मग नियम. ओटीचा नारळ एकदा उंबऱ्याबाहेर पडला की पडला. तो वाटेत ठेवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, फोडून खायचा तर विचारही नाही. आणि तो परत घरात येत नसतो. जिच्या नावानं निघाला तिच्यापाशीच पोचला पाहिजे. मी आपलं सहज विचारलं, "आणि नाही पोचला तर?" आई एकदम चिडली. "काहून नाही पोचणार? निघतानी असं अभद्र बोलते का कोणी?" उत्तर काही मिळालं नाही. माझी गाडीची वेळ होत होती, मी नारळ पिशवीत कोंबला आणि निघाले.

प्रवासाचं काय सांगू! दिल्लीपर्यंत भट्टी, पुढं बसमध्ये ओकाऱ्या, त्यापुढं खेचरं आणि पाय. आम्ही सहा जणी होतो, पण वरच्या तंबूपर्यंत धडपणे पोचलो त्या तिघीच. बाई, मी, आणि एक बँकेत नोकरी करणारी मैत्रीण, जिला आम्ही बँकवालीच म्हणायचो. बाकीच्यांना विरळ हवा मानवली नाही, त्या डोकी धरून खालच्या तळावर राहिल्या.

शिखर तंबूच्या दारातून समोर दिसायचं. म्हणजे पहिल्या संध्याकाळी दिसलं. त्यानंतर जे ढग बसले ते उठायचं नाव घेईनात. रोज सकाळी बाई दाराची चेन उघडून बाहेर बघायच्या, आणि पुन्हा लावायच्या. बर्फ, वारा, वारा, बर्फ. तंबूवर साचलेला बर्फ आतून थापट्या मारून पाडायचा, एवढंच काम. बँकवाली झोपायची. कुठंही, कधीही, कशीही झोपायची ती, आणि तिच्या त्या शांत घोरण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी चहा करायची. चहा झाला की पुन्हा करायची. बूट चढवायची, काढायची. दोराला गाठी मारायची आणि सोडायची. शेवटी बाई म्हणाल्या, "तू आता शांत नाही बसली नं, तर मी तुला बाहेर बांधून ठेवीन."

"बाई, दिवस चाललेत."

"चालू दे. आपण कुठं हरलोय?"

"तुम्हाला काय जातं म्हणायला!" मी बोलून गेले. बाईंनी माझ्या हातातला दोर काढून घेतला. त्यांना माझं लग्न, बाबांचं ते 'एकदाच', सगळं माहीत होतं. निघण्याआधी त्या आमच्या घरी येऊन बाबांशी बोलल्या होत्या, आणि चहा पिऊन पडलेल्या चेहऱ्यानं परत गेल्या होत्या. शिधा संपत आला होता. खालच्या गावात खेचरवाल्यांना सांगितलेला दिवस जवळ आला होता. मला वाटायचं, माझ्या आयुष्यातली एकुलती एक संधी या कापडाच्या पलीकडे आहे, आणि मी इथं पाय मुडपून मेतकूट-भात खातेय.

आणि एका दुपारी ढग हलले. हलले म्हणजे पार नाहीसे झाले. ऊन पडलं. इतकं ऊब देणारं ऊन, की आम्ही अंगावरचे दोन दोन स्वेटर काढून फेकले, ओले मोजे तंबूवर वाळत घातले आणि त्या वाळवणामध्ये बसून पापड भाजून खाल्ले. नागपूरच्या माणसाला उन्हाचं वावडं नसतं. थंडीनं आक्रसलेल्या आमच्या अंगात जीव आला. संध्याकाळी सूर्य गेला तरी हवा फारशी गारठली नाही. मी म्हटलं, "बघा, आज हवा आपल्या बाजूची झाली! आपल्या गावची हवा आली." बँकवाली हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाहेर जाऊन टाचेनं बर्फ दाबून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाल्या, "थंडी पडायला पाहिजे होती." मला ते तेव्हा कळलंच नाही. थंडी पडायला पाहिजे म्हणणारी बाई आमच्या नागपुरात कोणी पाहिली आहे का? आम्ही जन्मभर उलटंच मागत आलेलो.

पहाटे निघायच्या आधी बाईंनी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या आणि नको ते सामान बाहेर काढलं. माझ्या पिशवीतून नारळ निघाला. त्यांनी तो हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. "हे काय गं? एवढं वजन वर नेणार? इथं ठेव." मी ठेवला. त्यांनी पाठ फिरवली तसा परत आत घातला आणि वरून हातमोजे दाबले. भक्ती वगैरे काही नव्हती. आईला शब्द दिला होता, आणि घरी गेल्यावर तिची उलटतपासणी कोण झेलणार?

आम्ही तिघी एकाच दोरात होतो. पुढं बाई, मध्ये मी, मागं बँकवाली. पहिल्याच चढावर कळलं, की थंडी कशाला हवी होती. बर्फ रात्री गोठून घट्ट झालाच नव्हता. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. काढा, टाका, पुन्हा आत. जिथं पटापट चढून जायला हवं होतं तिथं आम्ही चिखलणी करत होतो. मी मागून ओरडत होते, "चला बाई, चला!" बाई चालतच होत्या. उजाडलं. आम्ही धारेवर आलो, आणि तिथून माथा दिसला.

किती जवळ! पुढं कुणीही विचारलं की मी सांगायची, आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या पानठेल्याइतका. एक निमुळती बर्फाची धार, तिचा शेवटचा उंचवटा, आणि संपलं. वर आणखी काही नाही. मी हसायला लागले. हसताना दातांना गार वारा लागला, आणि मग मी पश्चिमेकडे पाहिलं.

ढग येत नव्हते, आलेले होते. खालच्या दऱ्या भरून गेल्या होत्या आणि काळपट पांढरा लोट धारेच्या बरोबरीला चढत होता. कालची ती आपल्या गावची हवा! वादळाच्या आधीची ऊब होती ती, आणि आम्ही तिच्यात पापड भाजत बसलो होतो. पाहता पाहता माथा दिसेनासा झाला. वाऱ्यानं बर्फाचे कण तोंडावर मारायला सुरुवात केली. आणि मग आमच्या हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडी गुणगुणायला लागल्या.

हो, गुणगुणायला. बारीक, एकसुरी आवाज. टोपीखाली केस उभे राहत होते, कानाच्या पाळ्या चुरचुरत होत्या. बँकवाली म्हणाली, "हा आवाज कशाचा?" मला माहीत होतं कशाचा. लहानपणी बाबा एकदा मला खापरखेड्याला घेऊन गेले होते. पावसाळी हवा होती, आणि मोठ्या तारांखाली असाच आवाज येत होता. मी ऐकत उभी राहिले तशी बाबांनी दंड धरून मला खसकन बाजूला ओढलं होतं आणि सांगितलं होतं, "जिथं हवा बोलून राहिली, तिथं उभं नाही राहाचं." 

"फिरा," बाई म्हणाल्या.

"बाई!"

"फिर म्हणते नं. वीज पडेल."

"पानठेल्याइतकं राहिलंय बाई! दहा पावलं!"

"दहा नाहीत, आणि दहा असली तरी नाही."

"पुढच्या वर्षी तुम्ही येऊ शकता!" मी किंचाळले. वाऱ्यात किंचाळल्याशिवाय ऐकू जात नव्हतं, पण तसंही मी किंचाळलेच असते. "ही येऊ शकते! मला कोण आणणार आहे? मला दिवाळीनंतर उजवून टाकणार आहेत!"

बाईंनी त्यावर ते वाक्य म्हटलं जे मोहिमांचे सगळे पुढारी म्हणतात. "शिखर कुठं पळून जात नाही." मला त्या वाक्याचा जितका संताप आला तितका आजवर कशाचा आलेला नाही. अहो, शिखर नाही पळत! आम्ही राहतो का जागेवर? आमचं गाव बदलतं, आडनाव बदलतं, सकाळी किती वाजता उठायचं तेसुद्धा दुसरं कोणी ठरवतं. मी धारेवर फतकल मारून बसले. खरंच बसले, लहान पोर बाजारात बसतं तशी.

बाई रागावल्या नाहीत. मला ओलांडून खालच्या बाजूला येत त्यांनी दोर हातात गुंडाळला आणि बैलाचा कासरा ओढावा तसा ओढला. मी घसरत त्यांच्या पायाशी आले. त्यांनी वाकून माझ्या कानाला तोंड लावलं. "मी तुझ्या बाबांना सांगून आले आहे, की पोरगी परत आणीन. माथ्यावर नेईन असं नव्हतं सांगितलं." मग पिशवीवर थाप मारून म्हणाल्या, "तो नारळ आहे नं आत? मला माहीत आहे. ठेव इथंच. देवी समजून घेईल."

"नाही ठेवत!" मी म्हटलं. "अर्ध्या वाटेवर कोणी ओटी भरतं का?" श्रद्धा नव्हती हो ती, निव्वळ राग होता. तुम्ही मला वर जाऊ देत नाही, तर मीही तुमचं एवढंसं ऐकणार नाही. आणि मी फिरले. पाठीवर ते ओझं जसंच्या तसं घेऊन, रडत, घसरत, बाईंना शिव्या देत. आम्ही धार सोडून खाली आलो असू नसू, तोच मागं कडाड्‌कन आवाज झाला. पायाखालचा बर्फ हादरला. तिघींपैकी कोणीही वळून पाहिलं नाही. त्यानंतर तंबूपर्यंत मी रडायची थांबले नाही. दोन्ही खरं होतं. बाई बरोबर होत्या आणि माझं सगळं गेलं होतं.

नागपूरला उतरलो तेव्हा मे अखेरचा नवतपा पेटला होता. स्टेशनबाहेर पाय ठेवला आणि तोंडावर चुलीची धग आली. सोलून निघालेलं नाक, फुटलेले ओठ अशा अवतारात मी रिक्षातून गल्लीत शिरले, तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. "चढली का वं?" पानठेलेवाला, दळण घेऊन चाललेल्या काकू, सायकलवरचे पोट्टे. "चढली का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, "काहून?" हवा बिघडली म्हटलं की लोक वर आभाळाकडे बघायचे. आभाळ पांढरंफटक, डोळे दिपवणारं. हवा बिघडली! काहीतरीच सांगते पोरगी.

आई भाकरतुकडा घेऊन दारात आली. माझ्यावरून ओवाळला, टाकला, पायावर पाणी घातलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, पण पहिला प्रश्न तोच, जो येणार हे मला कुल्लूपासून माहीत होतं.

"ओटी भरली?"

"नाही."

"मंग नारळ?"

"पिशवीत आहे."

माझा एक पाय उंबऱ्यावर होता. आईनं माझ्या छातीला हात लावून मला मागं सारलं. "तिथंच थांब." तिनं माझी पिशवी बाहेरच उपसली, मोजे, तिखटाची रिकामी बरणी, सगळं ओट्यावर. खणात गुंडाळलेला नारळ काढला, कानाशी धरून हलवून पाहिला, आणि दाराबाहेरच्या खुंटीला टांगला. मग मला आत घेतलं. बाबांनी विचारलं, "तब्येत बरी आहे?" मी मान हलवली. "झालं मंग," ते म्हणाले. झालं. एका शब्दात माझे डोंगर संपले.

त्या संध्याकाळी गच्चीवर पाणी मारताना मी आईजवळ सगळं ओकले. धार, माथा, कुऱ्हाडींचा आवाज, कासरा, सगळं. ती ऐकत होती आणि बादलीतून पाणी शिंपत होती. तिनं एवढंच विचारलं, "केवढं राहिलं होतं?"

"इथून पानठेल्याएवढं."

"मंग बाईनं वढून आणलं?"

"हो."

"शहाणी आहे बाई." आणि बादली घेऊन खाली गेली. मी तिथं उभी राहून जळत राहिले. गच्चीवर येरझाऱ्या घातल्या, ओल्या फरशीवर माझ्या पावलांचे ठसे उमटले आणि त्या गरमीत पाठोपाठ वाळून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आईनं जे सुरू केलं ते मला आठवडाभर समजलंच नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण दाराबाहेरचा नारळ बघायचा आणि विचारायचा. आई पदर खोचून सांगायची. पहाडाच्या देवीले बोलली होती मी. माही पोरगी जित्ती परत दे, तुही ओटी भरीन. तिनं आपला शब्द पाळला, इजेच्या तोंडातून पोरगी माघारी धाडली. आता आमचा शब्द बाकी आहे. बाप्पा! बाया गालावर बोटं ठेवायच्या. "मंग आता कसं वं?" "कसं म्हणजे? ओटी राहिली तं राहिली. नारळ घरात घेता येत नाही." आठ-दहा दिवसांत महालातल्या अर्ध्या बायांना आमचा नवस पाठ झाला.

बाबांच्या कानावर ते गल्लीतूनच आलं. "असं करू," ते म्हणाले, "ड्यूटीवर जाता जाता कोराडी लागते. तिथं भरून टाकू ओटी. देवी ते देवी."

"कोराडीच्या देवीनं आणलं का हिले बर्फातून?" आईनं पोळी लाटता लाटता विचारलं. "जिले बोलली तिलेच."

"आता तिथं कोण जाऊन राहिलं मरायले!"

"ते मले काय माहीत? पण नवस बाकी ठेवून घरात शुभकार्य करत नाहीत. तुमच्या आईनंच शिकवलं मले."

बाबांची आई हयात नव्हती, त्यामुळे तिथं वाद संपला. मी परात धरून उभी होते. शुभकार्य म्हणजे माझं लग्न! मी आईकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पोळी तव्यावर टाकली.

मुहूर्त काढायला अमरावतीची मंडळी आली त्या दिवशी मी घरात या खोलीतून त्या खोलीत इतक्या फेऱ्या मारल्या, की आईनं मला शेवटी लसूण सोलायला बसवलं. माझी होणारी सासू दारातच थबकली. रंग उडालेला खण, त्यातून डोकावणारी नारळाची शेंडी. "हे काय हो ताई?" आईनं सांगितलं. सगळं, विजेसकट. मी आतून ऐकत होते, हातात लसणाची पाकळी तशीच.  मग सासूबाईंचा तो गोड आवाज आला, पण आता जरा कापरा. "नाही हो ताई. देवीचं देणं ठेवून नका पाठवू आमच्या घरी पोरीला. आमचा एकुलता एक आहे. तुम्ही आधी ते फेडून घ्या. आम्ही थांबू वर्षभर."

बाबांनी छताकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुम्ही म्हणता तं तसं." जणू ती कल्पना सासूबाईंचीच होती. होतीच म्हणा.

वर्ष कसं काढलं ते विचारू नका. पुन्हा विटा, पुन्हा रामटेक. नारळ पावसाळाभर, हिवाळाभर बाहेर लटकत राहिला, त्याची शेंडी करपली. मी येता-जाता त्याला हात लावायची.

पुढच्या उन्हाळ्यात स्टेशनवर बाई, बँकवाली, सगळ्या आधीच डब्यात चढल्या होत्या. आईनं पिशवीतून तोच खण काढून माझ्या हातात दिला. नारळ हलका झाला होता, आतलं पाणी आटून खोबरं सुटलं होतं आणि खुळखुळत होतं. वर्षभर जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी तेव्हा विचारलं. मागच्या वर्षी निघताना तर तिनं बोललेल्या नवसाचा एक शब्द काढला नव्हता. ओटी भर, एवढंच म्हणाली होती.

"आई, खरं सांग. तू खरंच बोलली होतीस का देवीला?"

"गाडी सुटून राहिली. चढ आत."

"सांग नं वं!"

गार्डनं शिट्टी दिली. आईनं मला डब्यात ढकललं आणि खिडकीशी येऊन गज धरले. गाडी हलली तशी ती बरोबर चालायला लागली, भराभर, पदर सावरत. माझ्या पायांची भिंगरी कुठून आली ते मला त्या दिवशी कळलं.

"पाह्य," ती धापा टाकत म्हणाली, "या खेपेस बी हवा बिघडली नं, तं मुकाट्यानं परत ये. नारळाचं मी पाहून घेईन."